अनुभव धागा: श्रद्धा बघून जोडीदार निवडताना काय विचारावं, काय तपासावं, कुठे अडतं?

मृण्मयी_क
कपाट आवरताना विवाहविधीची एक जुनी हस्तलिखित वही हाती लागली. सप्तपदीच्या पानावर समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, "इथे घाई नको." त्यावरून हा धागा काढतेय.

इथे लग्नं लावणारे आहेत, जुळवणारे आहेत, कागदपत्रं करून देणारे आहेत. देवावर भरवसा ठेवून जोडीदार शोधणाऱ्याला नेमकं काय उपयोगी पडतं, ते लिहा. धर्म कुठलाही चालेल. "योग असतो हो" एवढ्यावर थांबू नका, तपशील द्या.

जुळवण्याच्या बाजूने मी लिहिते. बायोडाटावर "धार्मिक कुटुंब" असं लिहिलेलं असतं, त्यावरून काही कळत नाही. पहिल्या-दुसऱ्या भेटीतच विचारा: रोजची पूजा कोण करतं, कामाच्या दिवशी तिला किती वेळ जातो, उपास कुठले, ते दुसऱ्यानेही धरावेत अशी अपेक्षा आहे का. मांसाहार घरात शिजतो, की फक्त बाहेर चालतो? कुळाचाराला वर्षातून किती वेळा गावी जावं लागतं? पाळीच्या दिवसांत स्वयंपाकघर नि देवघराचं काय? पगारातलं किती मठाला, देवस्थानाला, सत्संगाला जातं?

शेवटचे दोन प्रश्न कुणी विचारत नाही, आणि लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली भांडणं बरीचशी तिथलीच असतात. कारण साधं आहे. हे सगळं दोन आया एकमेकींशी बोलतात, ज्यांना संसार करायचाय ते दोघं नाही. मुलामुलीने समोरासमोर, मोठे बाजूला नसताना विचारायचं. उत्तर "आईला विचारून सांगतो" असं आलं तर तेही एक उत्तरच आहे, ते लिहून ठेवा.

संगीता_ताई
पाळीच्या प्रश्नाला हजारदा अनुमोदन!! कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

घनपाठी
मृण्मयीताई, त्या वहीतल्या माणसाला नमस्कार सांगावासा वाटतो.

सप्तपदी कशी घाईत उरकली जाते ते बघा. मुहूर्त असतो मंगलाष्टकांच्या शेवटी, अंतरपाट दूर होतो त्या क्षणाचा. लोकांच्या लेखी तिथे लग्न "लागलं". पाहुणे पंगतीला जातात, फोटोवाला घाई करतो, आणि विवाहहोम, लाजाहोम, अश्मारोहण, सप्तपदी हे सगळं वीस मिनिटांत गुंडाळतात. निवांत केलं तर याला तास लागतो. मुहूर्त पंगतीच्या वेळेला लागून असेल तर तो तास मिळत नाही, म्हणून हॉल ठरवतानाच मुहूर्ताच्या पुढचा दीड तास होमासाठी मोकळा ठेवा. जवळची पंचवीस माणसं बसली तरी पुरे.

तांदळाच्या सात राशी, उजवं पाऊल आधी. पहिलं पाऊल अन्नासाठी, दुसरं बळासाठी, तिसरं धनासाठी, चौथं सुखासाठी, पाचवं संततीसाठी, सहावं ऋतूंसाठी, सातवं सख्यासाठी. "सखा सप्तपदी भव" हे सातव्या पावलाचं वाक्य. संसाराची सगळी यादी आधी येते आणि मैत्री शेवटी, सगळ्यावर शिक्कामोर्तब करायला. प्रत्येक पावलाला गुरुजींनी दोन वाक्यं मराठीत सांगावीत, असं आधीच सांगून ठेवा. सांगितलं तर बहुतेक जण आनंदाने करतात.

कायद्यातही तिला वजन आहे. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ७: जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे, तिथे सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलंय की विधी न करता नुसतं प्रमाणपत्र काढलं तर तो हिंदू विवाह होत नाही. तेव्हा सप्तपदीचा एक तरी स्वच्छ फोटो हवा, पावलं दिसणारा.

चहाबाज
पावलांचा फोटो! आमचे फोटोवाले ड्रोन उडवतात पण पावलं कुणी काढत नाही 😄

संगीता_ताई
आले. पाळीबद्दल: प्रश्न "तुमच्याकडे पाळतात का" असा विचारू नका, त्यावर "तसं काही नाही हो" हेच उत्तर मिळतं. "घरात गणपती बसलेत आणि तेव्हाच अडचण आली तर नैवेद्य कोण करतं?" असं विचारा. प्रसंग दिला की माणूस खरं बोलतो. हेच उपासाला, हेच सोवळ्याला.

दंडवत
एकच जात, एकच गाव, तरी श्रद्धा वेगळी असू शकते हे लोकांच्या ध्यानात येत नाही. महानुभाव घरांचं सांगतो. उपदेश घेतलेला, म्हणजे रीतसर पंथात आलेला, माणूस पंचकृष्णांखेरीज, म्हणजे श्रीकृष्ण, दत्तात्रेय प्रभू, चक्रपाणी प्रभू, गोविंद प्रभू, चक्रधर स्वामी यांच्याखेरीज, इतर देवतेची पूजा करत नाही. मांसाहार, दारू वर्ज्य. आता अशा घरातली मुलगी खंडोबा कुलदैवत असलेल्या घरात गेली, की लग्नानंतर आठ दिवसांत जागरण-गोंधळ येतो. तिथे तळी उचलायची, भंडारा लावायचा. ती नाही म्हणाली तर "सून देवाला मानत नाही" असा बोल लागतो. ती मानते, म्हणून तर नाही म्हणते!

विचारायचं ते असं: उपदेश झालाय की फक्त घराणं पंथाचं आहे? या दोन्हींत फार फरक. उपदेशी असेल तर देवक, गोंधळ, नवस, ओवसा यातलं कुठे नुसती हजेरी चालेल आणि कुठे हात लावणार नाही, हे सुपारीच्या आधी दोन्ही घरांच्या वडीलधाऱ्यांसमोर बोलून घ्या. "हजर राहील, विधी दीर-जाऊ करतील" यावर पुष्कळ घरं राजी होतात. पण आधी विचारलं तर. मांडवात विचारलं तर मानापमान होतो.

वारकऱ्यांकडे त्या मानाने सोपं. माळ, एकादशी, वारी. नोकरदार मुलाला आषाढीत अठरा-वीस दिवस रजा मिळते का आणि ती तो दर वर्षी घेणार का, एवढं विचारा.

मृण्मयी_क
दंडवत प्रणाम दादा. "उपदेश झालाय की घराणं पंथाचं" हे फार मोलाचं.

अनुजा२२
पत्रिकेचं कुणी लिहिणार का? १७ गुण आले म्हणून नकार आलाय, चांगलं स्थळ होतं. बहिणीसाठी विचारतेय.

घनपाठी
अनुजाताई, बेरीज बघू नका, फोड मागा. ३६ गुणांची वाटणी अशी: वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, भकूट ७, नाडी ८. १८ ला उत्तीर्ण धरतात. आता एकनाडी, म्हणजे दोघांची नाडी एकच, आली की एकदम ८ जातात आणि बाकी सगळं उत्तम असूनही आकडा खाली दिसतो. उलट २७ गुण असून ग्रहमैत्रीत शून्य असू शकतं. शिवाय हे सगळं फक्त चंद्राच्या नक्षत्रावरून आणि राशीवरून निघतं, बाकी पत्रिका यात येतच नाही. नाडीदोषाला शास्त्रात परिहारही दिलेत, उदाहरणार्थ नक्षत्र एकच पण चरण वेगळे. मंगळाचंही तसंच: १, ४, ७, ८, १२ या स्थानांतला मंगळ धरतात, बारापैकी पाच स्थानं झाली, म्हणजे निम्म्याच्या आसपास पत्रिका मंगळाच्याच.

आणि जन्मवेळ तपासा. नक्षत्र बदलण्याच्या तासाभरात जन्म असेल तर दवाखान्याच्या कागदावरची वेळ हवी, घरच्यांच्या आठवणीतली नको. त्याने सगळे आकडे बदलतात.

बहिणीला सांगा, १७ आणि १८ मध्ये संसार अडत नाही.

अनुजा२२
🙏🙏 रडू आलं वाचून. फोड मागवते.

संगीता_ताई
अनुजा बाळा, धीर धर. आणि "विवाहबाधा काढून देतो" म्हणून हजारो रुपये मागणाऱ्याकडे अजिबात जाऊ नका. ओळखायची खूण: आधी भीती घालतो, मग रक्कम सांगतो, मग घरच्यांना सांगू नका म्हणतो. तिसरी गोष्ट आली की उठा. चमत्काराचा दावा करून फसवणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पोलिसात तक्रार करता येते. व्रतच करायचं तर सोळा सोमवार करा, त्याला मध्ये माणूस लागत नाही.

चहाबाज
सोळा सोमवारच्या चुरम्याचे तीन भाग का करतात हो?

संगीता_ताई
एक देवाला, एक वाटायला, एक स्वतःला. सतराव्या सोमवारी उद्यापन. कणीक तुपावर मंद भाजून मग गूळ, गॅस बंद केल्यावर. आधी घातला तर चिवट होतो.

कोकणकडा
अस्सलामु अलैकुम सर्वांना. निकाहच्या बाजूने लिहितो.

इस्तिखारा, म्हणजे निर्णय घेताना अल्लाहकडे मार्ग मागणं: दोन रकात नफल (ऐच्छिक) नमाज, मग दुआ. लोकांचा समज असा की रात्री स्वप्न पडलं पाहिजे, हिरवं दिसलं तर हो, काळं दिसलं तर नाही. स्वप्नाची अट कुठेही नाही. "हे माझ्या दीन-दुनियेसाठी चांगलं असेल तर सोपं कर, नसेल तर मला यापासून दूर कर" असा दुआचा मतलब. म्हणजे दुआ केल्यावर चौकशी चालूच ठेवायची: कर्ज आहे का, आधीचा निकाह, तब्येत, नमाजची सवय, रागात कसा वागतो. चौकशीत दार बंद झालं तर तोच जवाब समजायचा.

वली, म्हणजे मुलीच्या बाजूचा पालक, बहुधा वडील: आपण कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई. शाफई मजहबात (हनफीसारखीच इस्लामी कायद्याची एक शाखा) मुलीच्या निकाहला वली लागतोच. हनफीत सज्ञान मुलगी स्वतः करू शकते. मुलगा हनफी, मुलगी शाफई असेल तर काझीसाहेबांना आधी सांगा, ऐनवेळी वली परदेशात असतो आणि वकालतनामा नसतो. दोन साक्षीदार ठरवून ठेवा, गर्दीतून कुणालाही ओढू नका.

आता मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम. ही रक्कम मुलीच्या हक्काची, बापाची नाही, सासरची नाही. चूक कुठे होते? "नंतर द्यायची" म्हणून ठोक रुपये लिहितात आणि वीस वर्षांनी त्या रुपयांत काही येत नाही. सोन्याच्या किंवा चांदीच्या ग्रॅममध्ये लिहा. मेहर-ए-फातिमी धरायची तर ५०० दिरहमच्या हिशेबाने सुमारे १५३० ग्रॅम चांदी होते. किती लगेच, किती नंतर, हे मराठीत की उर्दूत ते तुम्ही ठरवा, पण दोघांना वाचता येईल अशा भाषेत लिहा. निकाहनाम्यात अटीही घालता येतात: शिक्षण पुरं करू देणं, नोकरी, वेगळी खोली, तलाकचा अधिकार बायकोकडे सोपवणं. बहुतेक ठिकाणी तो रकाना कोराच राहतो. विचारायला लाज वाटते म्हणून. मुलीच्या मामाने किंवा भावाने विचारावं, मग ते अवघड होत नाही.

मृण्मयी_क
ग्रॅममध्ये लिहिणं!! हे पहिल्यांदा वाचतेय. भाऊ, खूप आभार.

वसईची_शिक्षिका
कॅथलिक घरांसाठी. तारीख नि हॉल ठरवून मग फादरकडे जातात, हे उलट आहे. आधी धर्मग्राम (आपलं पॅरिश), मग हॉल. निदान तीन महिने हातात ठेवा.

बाप्तिस्म्याचा दाखला नवा लागतो, सहा महिन्यांच्या आतला. घरातली लॅमिनेट केलेली प्रत चालत नाही. कारण लग्न झालं की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या मूळ वहीत समासात केली जाते. नवा दाखला म्हणजे "आजवर लग्न झालेलं नाही" याचा पुरावा. बाप्तिस्मा दुसऱ्या गावी झाला असेल तर तिथे पत्र जाऊन उत्तर यायला वेळ लागतो. नावाच्या स्पेलिंगमधला फरक इथेच सापडतो, तोही लगेच दुरुस्त करून घ्या.

मग फादर दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारतात. कुणाच्या दबावाखाली आहात का, आयुष्यभरासाठी करताय ना, मुलं हवीत ना, जोडीदारापासून काही लपवलंय का. ही औपचारिकता नाही. जबरदस्तीने किंवा भीतीपोटी दिलेली संमती चर्च संमती धरतच नाही, असा विवाह मुळातच अवैध ठरतो. मुलीला काही सांगायचं असेल तर हीच खोली, हीच वेळ.

विवाहपूर्व शिबिरही असतं. त्यात पैशाचा तास असतो, तो चुकवू नका. बाकी प्रार्थनेवर सगळे एकमत असतात, घरखर्चावर नसतात. चर्चमध्ये तीन रविवारी नावं पुकारली जातात, कुणाला अडथळा माहीत असेल तर कळवावं म्हणून. उपवासकाळात (ईस्टरआधी) नि आगमनकाळात (नाताळआधी) शक्यतो तारीख नको.

जोडीदार बाप्तिस्मा न झालेला असेल तर बिशपांच्या कार्यालयातून सूट घ्यावी लागते, ती फादर स्वतः देऊ शकत नाहीत. पण धर्म बदलावा लागत नाही! हे अनेकांना माहीत नसतं. वचन फक्त कॅथलिक व्यक्तीने द्यायचं: स्वतःची श्रद्धा जपेन, मुलांना बाप्तिस्मा देण्यासाठी शक्य ते सगळं करेन. समोरच्याला ते वचन माहीत असलं पाहिजे, एवढंच. म्हणून ते वचन दोघांनी मिळून वाचा, बारशाच्या वेळी पहिल्यांदा कळायला नको.

रानपाखरू
भिन्नधर्मीय आहोत. वैदिक पद्धतीने लावलं तर चालेल ना? तो ख्रिश्चन, मी हिंदू. घरच्यांना होम हवाय.

नोंदणीवाला
रानपाखरू, थांबा. हिंदू विवाह कायद्यात दोन्ही पक्ष हिंदू लागतात (बौद्ध, जैन, शीख त्यात धरलेत). हिंदू आणि ख्रिश्चन यांचं नुसत्या वैदिक विधीने लागलेलं लग्न त्या कायद्याखाली ग्राह्य नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलंय. आधी विशेष विवाह कायदा १९५४ खाली लग्न करा, मग होम करा, चर्चमध्ये आशीर्वाद घ्या, काय हवं ते करा.

गणित नीट समजून घ्या. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात नोटीस देण्याआधी किमान ३० दिवस राहत असला पाहिजे. नोटीस नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर भरता येते. ती लागल्यापासून ३० दिवस हरकतींसाठी, तोवर लग्न नाही. आणि नोटीस दिल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत लग्न व्हायला हवं, नाहीतर नोटीस रद्द, पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे हातात उरतात दोन महिने. लोक तीन महिने तिसाव्या दिवसापासून मोजतात आणि पत्रिका छापून बसतात. त्या दिवशी तीन साक्षीदार, मूळ ओळखपत्रांसह.

हरकतीला घाबरू नका. हरकत फक्त कायद्यातल्या अटींवर घेता येते: आधीचा जोडीदार हयात असणं, वय (मुलगा २१, मुलगी १८), मानसिक क्षमता, निषिद्ध नातं. "आम्हाला पसंत नाही", "धर्म वेगळा" ही हरकत होत नाही. विवाह अधिकाऱ्याने ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

एक परिणाम आधी माहीत असू द्या: या कायद्याने, वेगळ्या धर्मात लग्न केलं की वारसाहक्क भारतीय उत्तराधिकार कायद्याने चालतो, आणि हिंदू व्यक्ती एकत्र कुटुंबापासून विभक्त धरली जाते. घरची जमीन असेल तर वकिलाशी एकदा बोला.

रानपाखरू
बापरे. हॉल आधीच बुक केलाय 😟 नोटीस उद्याच भरतो.

वसईची_शिक्षिका
काळजी करू नकोस गं. होम आणि चर्च दोन्ही करता येतं, क्रम तेवढा नीट लाव. फादरना दोन्ही विधींचं आधीच सांग, लपवू नकोस.

धम्मपथ
जय भीम. बौद्ध विवाहात मुहूर्त नाही, पत्रिका नाही, तेव्हा वेळ वाचतो, तो प्रतिज्ञांवर घालवा. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर त्रिशरण-पंचशील, मग दोघांच्या पाच-पाच प्रतिज्ञा. त्या सिगालोवाद सुत्त या बुद्धांच्या उपदेशातून आल्यात. पतीने: पत्नीचा सन्मान, अपमान न करणं, एकनिष्ठा, घरातला अधिकार तिच्या हाती देणं, वस्त्रालंकार. पत्नीने: कामाची नीट व्यवस्था, नातलगांचं आदरातिथ्य, एकनिष्ठा, मिळकतीचं रक्षण, कामात दक्षता. शेवटी जयमंगल अष्टगाथा आणि फुलं.

होतं काय, बौद्धाचार्य माइकवर भरभर म्हणतात आणि जोडपं नुसतं "हो" म्हणतं. प्रतिज्ञांची प्रत आठ दिवस आधी दोघांना द्या, स्वतःच्या तोंडाने म्हणू द्या. "अधिकार हाती देणं" म्हणजे आमच्या घरात नेमकं काय, बँकेचं खातं, खर्चाचा निर्णय, हे तेव्हाच बोलून घ्या.

हिंदू-बौद्ध जोडप्यांसाठी: कलम ७ प्रमाणे दोघांपैकी कुणाही एकाच्या रूढ विधीने लग्न चालतं. दोन्ही पद्धती कराव्याच लागतात असं नाही.

चहाबाज
अक्षतांऐवजी फुलं हे सगळ्यांनीच घ्यावं. हॉलभर तांदूळ पायाखाली जातो, बघवत नाही.

घनपाठी
चहाबाज, सहमत. बाहेरच्यांना पाकळ्या, मांडवातल्या दहा जणांना हळद-कुंकवाच्या अक्षता. शास्त्राला धक्का नाही.

नवगाववाली
शालोम. बेने इस्रायलींचं, म्हणजे आम्हा मराठी यहुद्यांचं, कुणी लिहिलं नाही म्हणून. शब्बाथला (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) लग्न नाही. यहुदी पंचांगातल्या तम्मुज १७ ते आव ९ या तीन आठवड्यांत नाही. केतुबा, म्हणजे विवाहकरार, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि ते रक्ताच्या नात्यातले नकोत. परदेशात पुढे राहायचं असेल तर केतुबा नीट जपा, तिथे दोघांच्या यहुदी असण्याचा पुरावा मागतात. आईवडिलांचा केतुबाही शोधून ठेवा.

लग्नाआधी एलियाहू हनबी (संदेष्टा एलिया) यांच्या नावाने मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा प्रसाद, असतो. आमच्याकडे शुभकार्य त्याशिवाय सुरू होत नाही.

संगीता_ताई
मलिद्याची कृती द्या ना!

नवगाववाली
एक किलो जाडे पोहे धुवून निथळत ठेवायचे, भिजवून ठेवले की लगदा होतो. दोन मोठे नारळ खवून, साखर चवीप्रमाणे, वेलची, बेदाणे, काजू-बदाम. हलक्या हाताने कालवून वर फळं लावायची. नारळ अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटतं. आशीर्वाद म्हटल्याशिवाय खायचं नाही.

अनुजा२२
फोड आली. १७ पैकी नाडी ०, ग्रहमैत्री ५, गण ६. मुलाकडच्यांना पाठवली, ते पुन्हा बोलूया म्हणालेत 🙏

संगीता_ताई
वाह!! आता मृण्मयीचे प्रश्न घेऊन बस त्यांच्यासमोर. गणपतीचा नैवेद्य विसरू नकोस.

नोंदणीवाला
सगळ्यांसाठी एक. धार्मिक विधीने लग्न झालं तरी स्थानिक नोंदणी कार्यालयात नोंद करा. विवाह ज्ञापन, नमुना ड. त्यावर वर-वधू, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्याची सही लागते. सर्वात जास्त खेपा त्या शेवटच्या सहीसाठी होतात, कारण गुरुजी, काझीसाहेब बाहेरगावचे असतात. नावं आधारवर आहेत तशीच भरा. लग्नानंतर नाव बदलणं सक्तीचं नाही, ज्ञापनात वधूचं आधीचंच नाव येतं.

घनपाठी
खरंय, सहीसाठी लोक महिन्यांनी शोधत येतात. फॉर्म भरून लग्नाच्या दिवशीच घेऊन या, सप्तपदी झाली की तिथल्या तिथे सही करतो.